कोपऱ्यातल्या शंभर फरश्या

सकाळी पावणेआठला आमच्या घरात कुणी येऊ नये, आलं तरी बसू नये, बसलं तरी चहाची अपेक्षा ठेवू नये. गॅसवर दूध, माझ्या डाव्या हातात लेकीची अर्धी वेणी, उजव्या हातात कंगवा. सासूबाई टेबलावर गोळ्या मांडून निळी आधी की पांढरी याचा स्वतःशीच खल करत होत्या आणि नवरा बाथरूममधून टॉवेल मागत होता. टॉवेल त्याच्याच खांद्यावर होता, हे नंतर कळलं. सुट्टीचे दिवस असल्याने शाळेची घाई तेवढी नव्हती. अशात कुणीतरी दार ठोठावलं.

बेल असताना दार ठोठावणारी माणसं दोन प्रकारची असतात. एक, ज्यांचा हात बेलपर्यंत पोचत नाही. दुसरी, ज्यांना आपल्या येण्याची वर्दी एखाद्या यंत्राने द्यावी हे कमीपणाचं वाटतं. दारात तळमजल्यावरचे क्लासवाले सर उभे होते. इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन लाल पेनं. एक संपलं तर दुसरं हवं, कारण मुलांच्या चुका काही थांबत नाहीत, असं ते पालकांना सांगतात. मुलं त्यांना पाठीमागे रेघसर म्हणतात.

सर आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच त्यांनी विचारलं, "मॅडम, तो फरशीवाला मिस्त्री गेल्या वर्षी तुमच्याकडे कामाला होता ना? तेव्हा घरातलं काही गेलं होतं का?"

"गेलं होतं," मी म्हटलं. "जुनी फुटकी फरशी."

सरांना विनोद कळत नाहीत. त्यात पायऱ्या नसतात. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला आणि मला सगळी हकीकत सांगितली, फळ्यासमोर सांगावी तशी. क्लासच्या हॉलमध्ये नवी फरशी बसवायचं काम चालू आहे. माल सरांनी स्वतः हिशेब करून मागवला. काल संध्याकाळी पाहतात तर काम संपत आलेलं, माल संपलेला आणि दाराजवळची दहा बाय दहा फुटांची जागा उघडी. म्हणजे शंभर फरश्या कमी. म्हणजे दहा पेट्या. म्हणजे मिस्त्रीने विकल्या. या तीन 'म्हणजे'वर सरांचा अख्खा खटला उभा होता. आता आजूबाजूच्या चार इमारतींत कुणी त्याला काम देऊ नये असा अर्ज सोसायटीच्या कार्यालयात द्यायचा होता, आणि त्याच्यावर माझी सही हवी होती, कारण त्याने माझ्याकडे काम केलेलं. खाली चार सह्या आधीच झालेल्या. त्यातल्या एकाही घरात मिस्त्रीने कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. सही करायला आपल्याकडे माहिती लागत नाही, पेन लागतं. ते सरांकडे दोन होते.

माझ्या हातातली वेणी ताठ झाली. लेक मान न वळवता म्हणाली, "आई, सर त्याला पोरांसमोर चोर म्हणाले."

ही काल पाचच्या तुकडीला क्लासमध्ये होती. रात्री जेवताना गप्प होती ते मला दिसलं होतं. मी ते उन्हावर ढकललं. आता कळलं. हॉलचं काम चालू म्हणून मुलं पार्किंगमध्ये सतरंजीवर बसतात. काल सरांनी सगळ्यांना नवी फरशी बघायला दारात नेलं आणि तिथे, वीस मुलांच्या पुढ्यात, मिस्त्रीला 'तुम्ही'वरून 'तू'वर आणून विचारलं, "पेट्या कुठे विकल्यास?" त्या वीस जणांत मिस्त्रीची नात होती. ती त्याच तुकडीत आहे.

"तो काय म्हणाला?" मी लेकीला विचारलं.

"काही नाही. हातातला बोळा खाली ठेवला. मग परत उचलला."

सर म्हणाले की गुन्हेगार असाच गप्प बसतो. बोलला असता तर म्हणाले असते, चोराच्या उलट्या बोंबा. मी सरांना म्हटलं, सही करण्याआधी मला उघडी जागा बघायची आहे, दूध उतरवून येते. सरांना ते आवडलं नाही, पण नाही म्हणायला त्यांच्याकडे सूत्र नव्हतं.

आता हा मिस्त्री कोण ते सांगायला हवं.

साठीच्या आसपासचा माणूस. चालताना किंचित बसल्यासारखा चालतो, कारण आयुष्य बसून गेलेलं. अकराव्या वर्षी चुलत्याबरोबर वाळूची घमेली वाहायला लागला. चौथीपर्यंतची शाळा त्याआधीच उरकलेली. गुडघ्यांना जुन्या टायरच्या ट्यूबचे तुकडे दोरीने बांधतो. बाजारात चांगल्या मऊ गाद्या मिळतात हे मी त्याला सांगितलं, तेव्हा म्हणाला की त्या गुडघ्याला बऱ्या, पण त्यांच्यातून जमीन कळत नाही. कुणाच्याही घरात शिरला की आधी खाली बघतो, मग माणसांकडे. आमच्याकडे पहिल्यांदा आला तेव्हा सासूबाईंना वाटलं, फार लाजाळू आहे. तो लाजत नव्हता, उतार बघत होता.

माप घेतो ते पेन्सिलने भिंतीवर, अगदी तळाशी, जिथे नंतर पट्टी बसते. कागद हरवतो, म्हणतो, भिंत कुठे जाते. फुटलेली फरशी कधी टाकत नाही. पेपरात बांधून ठेवतो आणि काम संपल्यावर मालकाला मोजून दाखवतो. मी पहिल्यांदा म्हटलं, राहू द्या हो, माझा विश्वास आहे. तो म्हणाला, "विश्वास असू द्या वहिनी, पण बघून घ्या." आणि एक त्याचा ठरलेला नेम: काम लांबच्या टोकापासून सुरू करायचं आणि दाराजवळची जागा शेवटी ठेवायची, म्हणजे ओल्या फरशीवर पाय न देता बाहेर पडता येतं. गेली पन्नास वर्षं तो असाच प्रत्येक घरातून उलटा बाहेर पडत आलाय.

त्याची मुलगी दवाखान्यात पाळीवर काम करते, म्हणून नात त्याच्याजवळ असते. पोर हुशार आहे. तिला सरांच्या क्लासला घातलं तेव्हा मिस्त्रीने मला मुद्दाम वर येऊन सांगितलं होतं, जणू विलायतेला पाठवतोय. मला तेव्हाच सांगता आलं असतं की बाबा, नको. पण मी स्वतःचीच मुलगी तिथे पाठवत होते. का, तर सगळे पाठवतात म्हणून. शिकल्यासवरलेल्या बाईने शेळ्यामेंढ्यांना नावं ठेवू नयेत, एवढं मला त्या क्लासने शिकवलं.

कारण सरांची विद्या मला ठाऊक होती. गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या स्वयंपाकघरात मिस्त्रीचं काम चालू होतं आणि लेक दारात बसून वहीवर टिपं गाळत होती. सरांनी जोड आकृत्यांचं क्षेत्रफळ शिकवलं होतं. जोड आकृती म्हणजे काय, तर दोन आयत काटकोनात चिकटवलेले, कंबरेत वाकलेल्या माणसासारखे. सरांच्या हॉलच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलंय: तोडा, गुणा, जोडा. लाल पेनाने रेघ मारून आकृती तोडायची, प्रत्येक तुकड्याची लांबी-रुंदी गुणायची, दोन्ही जोडायचे. वाईट काही नाही त्यात. पण आकृती सरांच्याच छापील वहीतली हवी, रेघ सर सांगतील तिथेच हवी आणि आकडे आधीच लिहिलेले हवेत. लेकीच्या आकृतीत एका बाजूचा आकडा लिहिलेला नव्हता. तो शोधायचा असतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून ती रडत होती.

मिस्त्रीने हात पुसून वहीत डोकावलं. "ही कसली खोली?"

"खोली नाही, आकृती आहे."

"दार कुठंय हिला?"

"आकृतीला दार नसतं."

"मग मिस्त्री आत कसा जाणार?" असं म्हणून त्याने पेन्सिलने एका कोपऱ्यात दार काढलं. मुलगी हसली. इथे तिचं निम्मं गणित सुटलं, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे.

मग त्याने माझ्याकडून जुने पेपर मागितले आणि तिला सांगितलं, हे स्वयंपाकघर पेपरांनी झाक. अट दोनच. पेपरावर पेपर चढता कामा नये आणि मधे कुठे जमीन दिसता कामा नये. लेकीने झाकलं, मोजलं. मग तो म्हणाला, आता तो कपाटाचा कोपरा पण खोलीतच आहे असं समज, सगळं सरळ चौकोनी मोज आणि कपाट वजा कर. तिने केलं. तेच उत्तर आलं. ती चकित होऊन त्याच्याकडे बघायला लागली, तेव्हा तो परत गुडघ्यावर जात म्हणाला, "कसंही कर. जमीन तेवढीच राहते."

माझ्या कॉलेजच्या तीन वर्षांत क्षेत्रफळाबद्दल याहून शहाणं वाक्य मी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी लेकीने क्लासमध्ये पूर्ण आयतातून कोपरा वजा करून उत्तर काढलं. सरांनी लाल पेनाने लिहिलं: उत्तर बरोबर, पद्धत चूक, शून्य. खाली आणखी एक ओळ, पालकांसाठी: घरी शिकवू नये. मी विचारायला गेले. सर समजुतीच्या स्वरात म्हणाले की मॅडम, भिंतीवर 'जोडा' लिहिलंय, 'वजा करा' कुठे लिहिलंय का. आज वजा करेल, उद्या काय करेल? जणू मुलगी वजाबाकीच्या नादाला लागून घरातून पळून जाणार होती. पालथ्या घड्यावर पाणी. घरी आले, आणि पुढच्या महिन्यातही तिला त्याच क्लासला पाठवलं. हे लिहिताना मला सरांची जेवढी कीव येते, तेवढीच स्वतःची येते. पण ती बाजूला ठेवते, नाहीतर गोष्ट पुढे सरकणार नाही.

तर दूध उतरवून, लेकीची दुसरी वेणी तशीच सोडून, मी तिला घेऊन खाली गेले. नवरा जिन्यात भेटला, म्हणाला, कशाला पडतेस यात, सर आहेत ते. आमच्या ह्यांच्या मते जगात दोन जाती आहेत, सर आणि बाकीचे.

क्लासचा हॉल हा मुळात दोन खोल्या, मधली भिंत पाडून केलेला. त्यामुळे तो काटकोनात वाकलेला आहे. हे वाक्य पुन्हा वाचा, कारण मला ते लिहितानाही नवल वाटतं. हे गृहस्थ बारा वर्षं एका जोड आकृतीच्या पोटात बसून मुलांना जोड आकृती शिकवतात, आणि आजवर एकाही मुलाला त्यांनी सांगितलेलं नाही की पोरांनो, मान वर करा, तुम्ही तिच्यातच बसलाय. आकृती वहीत असते. खोली वेगळी. खोलीत पंखा असतो.

मिस्त्री आत होता. चोर ठरवलेला माणूस सकाळी आठला कामावर येऊन दोन्ही दालनांतल्या फरश्यांचे सांधे ओल्या कापडाने पुसत होता. सिमेंट वाळून गेलं की निघत नाही, आणि सिमेंटला आळ कळत नाही. मला बघून उठायला लागला. मी बसा म्हटलं. रात्री झोप झालेली दिसत नव्हती. मी नातीचं विचारलं. म्हणाला, क्लासला जाणार नाही म्हणते. कारण सांगत नाही, मलाही विचारवत नाही.

वाकलेल्या हॉलचे दोन्ही हात स्वच्छ, करड्या नव्या फरशीचे, रेषेत रेष. आणि जिथे दोन्ही हात मिळतात, दाराच्या कोपऱ्यात, चौकोनी उघडी जमीन. नीट दहा बाय दहा. चोर इतका नेमका चौकोन चोरतो हे मला नवीन होतं.

सरांनी मला परत सगळं सांगायला सुरुवात केली, या वेळी त्यात एक नवा पुरावा होता. म्हणे, मिस्त्री पहिल्याच दिवशी म्हणाला होता की माल कमी वाटतोय. म्हणजे बेत आधीच ठरलेला.

"तुम्ही काय म्हणालात तेव्हा?" मी विचारलं.

सरांऐवजी मिस्त्रीने सांगितलं. तक्रारीच्या सुरात नव्हे, काल हवा कशी होती हे सांगावं तसं. त्याने विचारलं होतं, मी मोजून घेऊ का. तेव्हा सर म्हणाले, तुम्ही फरशी बसवा, गणित माझ्याकडे सोडा. मग तो म्हणाला, पण कमी वाटतंय. तर सर म्हणाले, गणितात वाटत नसतं.

"बरोबरच आहे," सर म्हणाले. "वाटत नसतं."

किती पेट्या आल्या होत्या, मी विचारलं. सरांनी खिशातून दुसरा कागद काढला. बावीस, आणि फुटतुटीला एक. पेटीत दहा फरश्या, प्रत्येक एक फूट चौरस. चांगलं. मग आपण फरश्या मोजू, मी म्हटलं. सरांच्या चेहऱ्यावर मी एखादी ओंगळ सूचना केल्यासारखे भाव आले. मोजायचं कशाला, हिशेब केलेला आहे, ते म्हणाले. वीस मुलांसमोर एका म्हाताऱ्या माणसाला चोर म्हणण्याआधी या विद्वानाने खाली वाकून फरश्या मोजल्या नव्हत्या. उंटावर बसलं की खालच्या शेळ्या मोजायला उतरावं लागतं, एवढाच काय तो त्या उंटाचा तोटा.

लेक एव्हाना मोजायलाही लागली होती. तिला सगळ्या दोनशेवीस मोजाव्या लागल्या नाहीत. लांब हाताला चौदा ओळी, प्रत्येकीत दहा. आखूड हाताला आठ ओळी, प्रत्येकीत दहा. एकशेचाळीस आणि ऐंशी. मिस्त्रीने तेविसावी पेटी पुढे सरकवली. तिच्यात सात अख्ख्या फरश्या आणि पेपरात बांधलेल्या तीन फुटक्या. त्याने पेपर सोडून प्रत्येकीचे तुकडे जुळवून दाखवले. भिंतीशी बावीस रिकामी खोकी एकात एक घालून ठेवलेली.

"आई, सगळ्या इथेच आहेत," लेक म्हणाली.

एवढं सोपं होतं ते. एका माणसाचं चार इमारतींतलं नाव वाचवायला दहा वर्षांच्या मुलीला पाच मिनिटं लागली, आणि ते घालवायला पन्नाशीच्या सरांना तेवढीही लागली नव्हती.

सर मात्र अजून कागदाकडेच बघत होते. जमिनीकडे बघायची त्यांना सवय नाही. मग या शंभर कुठे गेल्या, असं त्यांनी मला विचारलं, जणू मी खिशात घातल्या होत्या. मी कागद मागितला. वर हॉलची आकृती काढलेली, पट्टीने, सुबक. बाहेरच्या भिंतींना कपाटं आणि बक्षिसांची काचपेटी. ती हलवावी लागू नये म्हणून सरांनी आतल्या बाजूने टेप लावला होता. आतल्या कोपऱ्यापासून एका टोकापर्यंत चौदा, त्याच कोपऱ्यापासून दुसऱ्या टोकापर्यंत आठ, रुंदी दोन्हीकडे दहा. मग त्या आतल्या कोपऱ्यातून लाल पेनाने एक रेघ उभी आणि एक आडवी. आकृतीचे तुकडे झाले तीन. गुणले दोन. जोडले दोन.

लेकीने माझ्या कोपराखालून डोकं घातलं आणि म्हणाली, "सर, कोपरा घेतलाच नाही तुम्ही."

"तो दोन्हीकडे येतो," सर म्हणाले.

"मग एकीकडे तरी का नाही आला?"

दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना, तसं झालं होतं त्या कोपऱ्याचं. उभ्या हाताला वाटलं आडव्याने जेवू घातलं, आडव्याला वाटलं उभ्याने. भिंतीवर 'तोडा, गुणा, जोडा' हे त्यांचं वचन होतं. मोजा असं त्यात कुठेच नव्हतं, हे माझ्या त्या दिवशी लक्षात आलं.

मला वाटलं होतं, आता तरी हा माणूस काही बोलेल. तो बोलला. म्हणाला, मापात थोडी तफावत दिसते. टेप जुना आहे. मी टेप बघितला. तो करकरीत होता, वर किमतीची चिठ्ठी होती. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण आपल्या लोकांनी केली तेव्हा त्यांना सरांचा टेप माहीत नव्हता. पुढे म्हणाले की कामात असं होतंच, आणखी दहा पेट्या मागवतो, दुकानात त्याच रंगाच्या आहेत. आणि सह्यांचा तो कागद त्यांनी घडी करून खिशात घातला. फाडला नाही. चांगल्या कागदाची पाठ कोरी असते.

मी तो मागितला. सरांनी दिला नाही, म्हणाले, आता त्याचं काय काम. मी म्हटलं, काम नाही म्हणूनच मागतेय. शेवटी त्यांनी तो काढला. मी तिथेच फाडला, आणि मिस्त्रीने ते कपटे माझ्या हातातून घेऊन रिकाम्या खोक्यात टाकले, फरशीवर पडू नयेत म्हणून.

मग सर मिस्त्रीकडे वळले. 'तू' आपोआप पुन्हा 'तुम्ही' झालं होतं. ते मोठ्या मनाने म्हणाले की मिस्त्री, माझ्या मनात काही नव्हतं, झालं गेलं विसरून जा, काम पूर्ण करा, पुढे स्वच्छतागृहाचंही काम तुम्हालाच देईन. माणूस स्वतः चुकल्यावर दुसऱ्याला क्षमा कशी करतो हे बघायचं असेल तर ते दृश्य बघायला हवं होतं. वर म्हणाले, नातीला क्लासला पाठवा, मी तिला काही बोलणार नाही. म्हणजे बोलायचा हक्क त्यांच्याकडे होताच, तो ते वापरणार नव्हते.

मिस्त्री गुडघ्यांवरच्या ट्यूबच्या दोऱ्या सोडत होता. एक गाठ सुटेना, ती लेकीने सोडवून दिली. तो भिंतीला हात लावून उठला. आखडलेले पाय सरळ व्हायला त्याला वेळ लागला. माझ्या डोक्यात सरांना सुनवायची निदान अकरा वाक्यं तयार होती. ती सगळी मी गिळली, कारण त्या घटकेला बोलायची पाळी माझी नव्हती.

तो म्हणाला की पेट्या आल्या की कोपरा बसवून देईन, त्याची काळजी नको. पुढचं काम द्या, नका देऊ, ती तुमची मर्जी.

मग सरांकडे बघून म्हणाला, "काल पाचच्या तुकडीसमोर तुम्ही मला चोर म्हणालात. आज पाचला त्याच तुकडीसमोर सांगा, की मिस्त्रीने फरशी चोरली नाही, माप माझं चुकलं. नातीला मी घेऊन येतो. एवढंच करा."